गाडी गॅरेजला देताना: बडोद्यातल्या कारमालकांसाठी सर्व्हिसिंगची तपासणी, पायरी पायरीने

बडोद्यात सर्व्हिसिंगसाठी जागांची वानवा नाही. कंपन्यांची अधिकृत वर्कशॉप आहेत, मकरपुरा जीआयडीसीपासून सोसायट्यांच्या मागच्या गल्लीपर्यंत छोटी गॅरेज आहेत, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या कित्येक घरांचा मेकॅनिक वडिलांच्या काळापासून ठरलेला असतो. तरीही बिल हातात पडलं की एक शंका येतेच: यात लिहिलंय ते सगळं खरंच केलं का? गॅरेज बदलून ही शंका जात नाही. गाडी देताना दहा मिनिटं आणि परत घेताना वीस मिनिटं दिली, तर बहुतेक वेळा ती मिटते. ही तीस मिनिटं नेमकी कशी वापरायची, ते इथे सांगितलं आहे.

आधी मॅन्युअल, मग मेकॅनिक

गाडीच्या खणात पडून असलेल्या पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, काय फक्त पाहायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. त्यातून पाच गोष्टी फोनमध्ये उतरवून ठेवा: इंजिन ऑइलची ग्रेड (ते किती पातळ-जाड, हे सांगणारा आकडा) आणि फिल्टरसकट लागणारं प्रमाण, कूलंटचा प्रकार, ब्रेक फ्लुइडचा प्रकार, स्पार्क प्लग बदलण्याचं अंतर आणि टायरमधला दाब. टायरचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरही असतो.

एवढी माहिती हाताशी असली की गॅरेजमधलं बोलणं बदलतं. ‘काय काय करायचं, साहेब?’ असं विचारल्यावर ‘तुम्हीच बघा’ म्हणणाऱ्याचं बिल आणि ‘तीस हजार किलोमीटरची सर्व्हिस, तक्त्याप्रमाणे’ म्हणणाऱ्याचं बिल एकसारखं होत नाही.

कुणाकडे द्यायची

वॉरंटी चालू असेल तर अधिकृत वर्कशॉपमध्येच द्या. सुरुवातीच्या मोफत सर्व्हिसमध्ये मजुरी माफ असते, पण ऑइल, फिल्टर वगैरेचे पैसे लागतात, हे आधीच लक्षात घ्या. वॉरंटीनंतरही एअरबॅग, कंपनीने परत बोलावलेला भाग, हायब्रिड प्रणाली, सॉफ्टवेअर अशा कामांसाठी अधिकृत जागाच बरी. बाकी ऑइल, फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन यांसाठी मात्र चांगलं छोटं गॅरेज पुष्कळदा उजवं ठरतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे गाडीला दर वेळी तेच हात लागतात, आणि काम करणाऱ्याशी थेट बोलता येतं. मोठ्या वर्कशॉपमध्ये तुमचं म्हणणं सर्व्हिस ॲडव्हायझरकडून खाली पोचेपर्यंत अर्धं गळून जातं.

नवं गॅरेज पारखायचं असेल तर पहिल्या दिवशी मोठं काम देऊ नका. नुसतं ऑइल-फिल्टर बदलायला जा आणि तिथेच थांबा. जुनं ऑइल वेगळ्या पिंपात साठवतात की गटारात सोडतात? चाकाचे नट शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) आवळतात की एअर गनने कर्रर्र केलं की झालं? गाडीच्या संगणकातले कोड वाचायला स्कॅनर आहे का? काम झाल्यावर कुणी गाडी चालवून पाहतं का? या चार गोष्टी दिसल्या तर पुढच्या वेळी ब्रेकचं काम द्यायला हरकत नाही. न दिसल्या तर मालक कितीही गोड बोलत असो, क्लच किंवा टायमिंग बेल्ट तिथे उघडू नका.

जॉब कार्डावर काय हवं

छोट्या गॅरेजमध्ये छापील जॉब कार्ड (ठरलेल्या कामांची नोंद असलेला कागद) नसेल तर व्हॉट्सॲपवर संदेश पाठवा, तोही चालतो. त्यात गाडीचा नंबर, किलोमीटर, इंधनाचा काटा (मीटरचा फोटो काढला की दोन्ही आले), ठरलेली कामं आणि अंदाजे खर्च लिहा. तक्रार तुमच्या शब्दांत लिहा, निदान लिहू नका. ‘ब्रेक पॅड बदला’ असं लिहिलं तर पॅड बदलले जातील, आणि खरा दोष दुसरीकडे असेल तर तसाच राहील. ‘साठच्या वेगावरून ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, हळू असताना नाही’ असं लिहिलं तर मेकॅनिकला शोधाची दिशा मिळते.

शेवटी दोन ओळी न चुकता टाका: ठरल्यापेक्षा जास्त काम फोन करून विचारल्याशिवाय करू नये, आणि काढलेले सगळे जुने भाग परत हवेत. दुसरी ओळ गुजरातीत तोंडीही सांगून ठेवा: ‘जूनो सामान डिकीमां मूकी देजो, भाई.’ ज्याने भाग खरोखर बदललाय, त्याला हे करायला काहीच अडचण नसते. जुना भाग हातात घेऊन पाहिला की झीज खरी होती का, हेही कळतं.

इंजिन ऑइल: इथे थांबून पाहाच

सर्व्हिसिंगमधलं हे सगळ्यात साधं काम, आणि सगळ्यात जास्त गडबडही इथेच होते. ग्रेडपासून सुरुवात करा. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, जाड ऑइल घाला’ हा सल्ला बडोद्यात सर्रास ऐकू येतो. जुन्या इंजिनांच्या काळात त्यात तथ्य होतं. आताच्या पेट्रोल इंजिनांमध्ये ऑइलचे मार्ग अरुंद असतात, आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा त्याच ऑइलच्या दाबावर चालते. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल आणि आत २०डब्ल्यू-५० गेलं, तर सकाळी इंजिन सुरू होताना वरच्या भागांना ऑइल उशिरा पोचतं, ॲव्हरेजही कमी होतं. मॅन्युअलमधल्या तक्त्यात बाहेरचं तापमान आधीच धरलेलं असतं.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी असेल तर आणखी सावध राहा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर ते सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. साधं डिझेल ऑइल घातलं तर त्याची राख त्या फिल्टरमध्ये साचते. ती जाळून निघत नाही, आणि तो फिल्टर बदलणं हा फार मोठा खर्च असतो.

प्रमाणाचं बघा. बाराशे सीसीच्या आसपासच्या पेट्रोल गाडीला फिल्टरसकट साधारण ३ ते ४ लिटर लागतं, दीड लिटर डिझेलला ५ लिटरच्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. बिलात त्याहून अर्धा लिटर जास्त दिसला तर उरलेला डबा मागून घ्या, पैसे तुम्हीच दिलेत. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. पिंपातून मापाने ओतलेलं सुटं ऑइल स्वस्त पडतं, पण ते कोणतं आहे, हे सांगायला डब्याचं लेबलच नसतं.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन कोमट हवं, म्हणजे ऑइल पातळ होऊन घाण सोबत घेऊन निघतं. खालचा ड्रेन बोल्ट काढल्यावर आधी जाड काळी धार पडते, मग ती बारीक होते, शेवटी थेंब थेंब. धार थांबली की लगेच बोल्ट लावायची घाई असते. दहा मिनिटं थांबायला सांगा. बोल्टखाली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चपटी रिंग असते. ती आवळताना दबून जागा धरते, म्हणून दर वेळी नवी हवी. तिची किंमत किरकोळ असते. जुनीच वापरली तर ठिबक लागते, मग ती बंद करायला मेकॅनिक बोल्ट जास्त आवळतो, आणि एक दिवस ॲल्युमिनियमच्या तळातले आटेच निघून येतात. बहुतेक छोट्या गाड्यांत हा बोल्ट ३० ते ४० न्यूटन मीटर एवढाच आवळायचा असतो. हाताच्या लांब पान्यावर अंगाचा भार दिला की तो आकडा सहज ओलांडला जातो.

फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर बसवला तर रिंगवर रिंग येते. गाडी उभी असताना काही दिसत नाही. रस्त्यावर दाब वाढला की ऑइल भसाभस बाहेर पडतं आणि काही मिनिटांत इंजिन कोरडं होतं. म्हणून जुना फिल्टर हातात घेऊन त्याची रिंग त्याच्यावरच आहे ना, एवढं बघा. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइलचं बोट फिरवतात, आणि रिंग टेकल्यानंतर हाताने पाऊण फेरा आवळतात. फिल्टर बसवायला पाना लागत नाही, पाना फक्त काढायला.

ऑइल भरून झालं की इंजिन एक मिनिट चालवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा. गाडी सपाट जागी उभी हवी. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बाहेर काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. त्या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचा फरक असतो. वरची खूण ओलांडली तर क्रँक ऑइलवर आपटून फेस होतो, म्हणून जास्तीचं काढायला लावा, ‘थोडं जास्त बरं असतं’ यावर समाधान मानू नका. बदलल्यानंतर पेट्रोल गाडीचं ऑइल मधाच्या रंगाचं दिसायला हवं. डिझेलमध्ये ते काही किलोमीटरांतच काळं पडतं, ते नेहमीचं आहे. घरी गेल्यावर गाडीखाली रात्रभर एक जुनं पुठ्ठं टाका. सकाळी डाग दिसला तर फोटो काढून लगेच परत जा.

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, कूलंट

एअर फिल्टर बदलल्याचं बिल आणि प्रत्यक्षात हवेने झटकलेला जुनाच फिल्टर, हा प्रकार ओळखणं सोपं आहे. गाडी देण्याआधी बॉक्सच्या क्लिपा उघडा आणि फिल्टरच्या कडेला मार्करने ठिपका द्या. परत आल्यावर ठिपका असेल तर फिल्टर तोच. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो आणि पाच मिनिटांत निघतो. हा फिल्टर दुकानातून आणून घरी बदलायला काहीच हरकत नाही.

कूलंट थंड इंजिनातच बघायचं. टाकीतली पातळी दर महिन्याला घसरत असेल तर ती भरत बसू नका, गळती शोधायला सांगा. बोअरचं पाणी घालू देऊ नका, क्षारांचे थर रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र केले तर गाळ होऊ शकतो, आणि नुसत्या रंगावरून प्रकार ओळखता येत नाही. डब्यावर ‘तयार मिश्रण’ आहे की पाणी मिसळायचंय, तेही वाचा. घट्ट कूलंट असेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड पाणी.

ब्रेक: सपाट शहरात न दिसणारी चूक

बडोद्याभोवती जमीन सपाट आहे. ब्रेक फ्लुइड चार वर्षांचं झालं तरी शहरात पेडल नेहमीसारखंच लागतं. मग सुट्टीत गाडी सापुताऱ्याला जाते किंवा नाशिकहून येताना कसारा घाट उतरते, सलग ब्रेक लागून कॅलिपर (चाकावर ब्रेक पॅड दाबणारा भाग) तापतो, आणि पेडल एकदम मऊ पडून खाली जातं. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असायला हवा, ओलावा शोषल्यानंतर मानकाप्रमाणे किमान १५५. फ्लुइड उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाक थांबत नाही. म्हणून ते दर दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलप्रमाणे बदला. मेकॅनिकने नुसती वरची टाकी रिकामी करून भरली तर ते बदलणं नव्हे. चारही चाकांच्या ब्लीड निपलमधून (फ्लुइड सोडायच्या छोट्या तोटीतून) जुनं फ्लुइड बाहेर काढायला हवं. छोट्या गाडीला त्यासाठी अर्धा ते एक लिटर लागतं. डबा सीलबंद हवा, अर्धवट उघडलेला मागच्या महिन्याचा नको.

नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. ३ मिलिमीटर उरला की बदलायची वेळ आली. ‘पॅड संपले’ म्हटल्यावर जाडी मोजून दाखवायला सांगा, आणि आतला-बाहेरचा दोन्ही बघा. एक पूर्ण झिजलाय आणि दुसरा जवळपास नवा असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत. त्या साफ करून योग्य ग्रीस लावल्याशिवाय नवा पॅडही तसाच एका बाजूने खाल्ला जाईल. ‘ब्रेक सर्व्हिस’ या नावाखाली घेतलेले पैसे या पिनांच्या कामाचे असावेत, नुसत्या फवाऱ्याने धूळ उडवल्याचे नव्हे. मागचे ड्रम उघडले असतील तर लायनरची जाडीही विचारा.

एसीचा गॅस

एसीचा गॅस खर्च होत नाही. प्रणाली बंद असते, म्हणून दर मार्च-एप्रिलला ‘गॅस टॉप-अप’ करावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि भरलेला गॅस तिथूनच उडतो. योग्य क्रम असा: आधी केबिन फिल्टर आणि कंडेन्सरची जाळी तपासायची, कारण थंडावा कमी होण्याचं कारण अनेकदा तिथेच असतं. नंतर नायट्रोजनच्या दाबाने किंवा रंगद्रव्याने गळती शोधायची, ती बुजवायची, अर्धा तास व्हॅक्यूम करायचा, आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाएवढा गॅस वजनकाट्यावर भरायचा. छोट्या हॅचबॅकला तो साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो. नुसता दाबाचा काटा पाहून भरणाऱ्याला सांगा की वजन हवं. गॅस जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो.

सीएनजी असेल तर

गुजरातेत सीएनजी गाड्या भरपूर, तरी सर्व्हिसिंगमध्ये त्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर ३ वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, आणि तारखेची पट्टी भरणाकेंद्रावर दिसायला हवी. मुदत संपलेल्या टाकीत गॅस भरायला नकार मिळू शकतो, आणि तो योग्यच आहे. सीएनजी पेटायला जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून स्पार्क प्लग लवकर झिजतात. गाडी सुरू होताना धक्के देत असेल तर आधी प्लग बघा. नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावून गळती पाहणं आणि गॅसचा फिल्टर बदलणं, ही दोन कामं जॉब कार्डावर नाव घालून लिहा. किटचं काम किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या.

चाकं आणि बॅटरी

अलाइनमेंट केलं तर आधीचा आणि नंतरचा छापील आलेख मागा. नटांचा क्रम ताऱ्यासारखा असतो, एकाआड एक, आणि शेवटची आवळणी टॉर्क पान्याने. छोट्या गाड्यांत ती साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटर असते. एअर गनने आवळलेला नट रस्त्यात स्टेपनी बदलताना घरच्या पान्याने हलत नाही. नव्या टायरच्या बाजूवर चार आकडे पाहा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा.

बॅटरी ‘गेली’ म्हटलं तर मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर आधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) पाहा. त्यात दोष असेल तर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल.

‘हेही करून घ्या’ची यादी

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन. यांतली काही कामं कधी तरी लागतात. थ्रॉटल बॉडीत काजळी बसून इंजिन उभ्या जागी वर-खाली होत असेल तर ती साफ करणं योग्य आहे. वीस हजार किलोमीटर चाललेल्या, कसलीही तक्रार नसलेल्या गाडीला इंजेक्टर क्लीनिंगची गरज नसते. एकच प्रश्न विचारा: कोणत्या लक्षणामुळे, आणि ते मला दाखवता का? स्कॅनरवरचा कोड, मोजलेली जाडी, ओला डाग, यांपैकी काही दाखवलं तर विचार करा. ‘सगळे करतात’ हे उत्तर आलं तर जॉब कार्डावर ‘नको’ लिहा आणि पुढच्या सर्व्हिसला पाहा.

पाण्यात गेलेली गाडी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाडीला चावी लावू नका, स्टार्ट बटणही दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी उचलून न्या. गॅरेजला इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचं ऑइलही तपासायला सांगा, कारण त्याच्या श्वासनळीतून पाणी आत शिरतं. डिपस्टिकवर किंवा भरण्याच्या झाकणाखाली दुधी चहासारखा थर दिसला तर पाणी मिसळलंय. बडोद्यात जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी करा, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून चिखलाची रेघ पाहा, आणि कार्पेटखाली हात घाला.

बिल आणि तक्रार

बिलात भाग आणि मजुरी वेगळ्या ओळींत हवेत, भागांचे क्रमांक हवेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बहुतेक भागांवर तो २८ होता. बिलावर जुना दर दिसला तर विचारा. जुने भाग बिलाशी ताडून बघा, मगच पैसे द्या. ‘जीएसटी नको असेल तर थोडं कमी करतो’ हे मान्य केलं तर पुढे भांडायला हातात कागद उरत नाही.

कामात खोट निघाली तर आधी गॅरेजला लेखी कळवा, फोटो आणि जॉब कार्डासकट, आणि दुरुस्तीसाठी एक तारीख द्या. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. सोबत जॉब कार्ड, बिल, जुन्या भागाचा फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकने लिहून दिलेलं निदान जोडा.